सोपान बोल्ड

लोणावळा
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय समू,

"मला वाचाय येत न्हाई, पन सोपानचं अक्षार मला वळखू येतं." चिमामावशी हे म्हणाली तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. रेशन दुकानाची पाटी तुझ्या बापानं नुकतीच रंगवली होती आणि ही खाली उभी राहून, डोक्यावरचा पदर हातात धरून, वर बघत होती. ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी. मला तेव्हा हसू आलं होतं. आज तिकोणा पेठेतून परत येताना तेच वाक्य डोक्यात घोळत होतं, आणि हसू काही आलं नाही.

फोन करत नाहीये, कारण फोनवर मी एकतर ओरडते नाहीतर रडते, आणि तू "हां आत्या, हां आत्या" करत जर्मनचा अभ्यास चालू ठेवतेस. कागदावर मी जरा माणसात राहते. म्हणून हे नीट वाच.

दर रविवारसारखी दादाकडे निघाले होते. वाटेत चिमामावशीच्या टपरीवर थांबले. किल्ल्यावर जाणाऱ्यांची गर्दी होती, ती एकटीच भाकरी थापत होती. मला बघितल्याबरोबर पिठाचे हात तसेच ठेवून बाहेर आली. म्हणाली, "बग गं रतन, तुज्या दादानं मला पाटी लावून दिली. न सांगता! आकडा बग, माज्याच गटाचा हाय का न्हाई?"

टपरीच्या मागे, रस्त्याच्या कडेला, दोन लोखंडी खांबांवर पाटी होती. अक्षर दादाचं. त्याचा तो पोट सुटलेला 'क', खाली जरासा लांबवलेला 'र'. मी वाचलं: 'खाजगी मालमत्ता. गट नंबर ३५. मालक बाजीराव. विनापरवाना प्रवेश करू नये.'

समू, ती बाई रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती पाटी पुसते. रस्त्याची धूळ बसते म्हणून.

मी "छान आहे" म्हणाले. तिनं दिलेलं ताक प्यायले.

आता तुला माहीत असलेलंच परत लिहिते, कारण मला शंका आहे की तू विसरली आहेस. तुझा बाप जमिनीची पाटी लिहायला घेतो तेव्हा सगळी अक्षरं रंगवतो आणि गट नंबराची जागा कोरी ठेवतो. दोन्ही बांधांवरची माणसं येऊन उभी राहिली, मान हलवली, की मगच आकडा भरतो. मुंबईच्या पार्टीनं गाडी पाठवली तरी भरत नाही. त्यामुळे आपल्याकडे दादाच्या हातचा आकडा दिसला की लोक समजतात, सगळ्यांच्या समक्ष झालेलं आहे, आता बोलायचं काही नाही. चिमामावशीही तेच समजली. आकडा तेवढा तिला ओळखता येतो, म्हणून पाटी तिचीच.

झालंय असं की तिचा पुतण्या सुरज, ज्याला तिनं लहानाचा मोठा केला, त्यानं आपला वाटा बाजीरावला विकला. पवनेच्या काठावर पर्यटकांसाठी बाजीरावचे तंबू आहेत, त्याला रस्त्याकडची जागा हवी आहे. रस्त्याकडची बाजू चिमामावशीची, पण वाटणी तोंडी, सातबारा एकत्र. त्यानं रस्त्याकडची सबंध बाजूच स्वतःच्या नावावर चढवायला घातली आहे. तलाठ्याकडे हरकत घ्यायची मुदत फेब्रुवारीच्या शेवटी संपते. मावशीनं अंगठा दिलेली नोटीस टपरीतल्या डब्याखाली होती, ती मी वाचली. तिला वाटलं गॅसची आहे.

दिवाळीत तू मला लॅपटॉपवर दादाच्या अक्षराचा फॉन्ट दाखवला होतास. सोपान रेग्युलर, सोपान बोल्ड. मी म्हणाले होते, आमचा दादा आणि बोल्ड? चारचौघांत दुसरा चहा मागायला लाजणारा माणूस! किती हसलो आपण. आता सांग, तू नक्की काय विकलंस?

तुझी
रतनआत्या


पुणे
१९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

पोस्टाचं पाकीट आयुष्यात पहिल्यांदा विकत घेतलं. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, राखी आहे का? जानेवारीत!

तू विचारतेस काय विकलं. फॉन्ट विकला. जगभर लोक विकतात. मी एकदा बनवायचा, इंटरनेटवरच्या दुकानात ठेवायचा, आणि ज्याला हवा तो पैसे भरून उतरवून घेतो. मी झोपलेली असले तरी. त्याच्यासोबत लग्नपत्रिकांचे नमुने आहेत, बारशाचे आहेत, मुलामुलींचे बायोडेटा आहेत. सांगलीपासून सिंगापूरपर्यंत लोक अप्पांच्या अक्षरात आमंत्रणं पाठवतायत. मला वाटलं होतं तुला अभिमान वाटेल.

आणि चोरी केल्यासारखं लिहू नकोस. अप्पांना विचारून केलंय. आदल्या दिवाळीत ते ओसरीवर बसून सबंध बाराखडी लिहीत होते, जोडाक्षरंसुद्धा. 'क्ष' तीन वेळा लिहिला, आवडेना म्हणून. फ्लेक्स आल्यापासून त्यांना कोण बोलावतं? शाळा, देऊळ आणि ट्रॅक्टरची ट्रॉली. तेच म्हणाले, "जाऊ दे माजं अक्षार जर्मनीला, मी काय जात न्हाई." हे ऐकून मला काय वाटलं ते तुला पत्रात लिहिता येणार नाही.

शिलाई मशीन विकणाऱ्याला कुणी विचारतं का, त्या मशीनवर कुणाचा खिसा शिवला? बाजीरावनं काय लिहिलं त्याला मी काय करू?

ऑक्टोबरला जर्मनीत कोर्स सुरू होतो. त्यांच्या देशात वर्षभर राहण्याचा खर्च आधी बँकेत दाखवावा लागतो, नाहीतर व्हिसा नाही. कर्ज काढायचं नाही, अप्पांची जमीन गहाण टाकायची नाही, असं मी ठरवलं होतं. हे दुकान नसतं तर मी अजून तुझ्या स्वयंपाकघरात बसून नुसती स्वप्नं सांगत असते. आता अगदी थोडं राहिलंय.

एक विचारू? रागावू नकोस. मी जाऊ नये असं तुला वाटतं ना? आई गेल्यावर तू मला लोणावळ्याला आणलंस, शाळेत घातलंस, आणि आता मी निघाले. म्हणून ही पाटी तुला एवढी मोठी दिसतेय, असं तर नाही?

उपाय सोपा आहे. चिमाआजीला सांग पाटीवर काय लिहिलंय. विषय संपला.

तुझी
समू


लोणावळा
२७ जानेवारी २०२५

प्रिय समू,

सांगितलं. विषय संपला नाही.

काल मुद्दाम दुपारी गेले, गर्दी ओसरल्यावर. तिला खाली बसवलं, हात हातात घेतला, म्हटलं, "मावशी, पाटीवर तुमचं नाव नाही. बाजीरावचं आहे." ती हसायला लागली. "रतन, चष्मा कवा बदलला गं?" मी एकेक शब्द बोटानं दाखवून वाचला. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आकडा सोपानचा हाय. सोपान असातसा आकडा भरत न्हाई. तू चार बुकं शिकली म्हनून भावापरीस शाणी झाली व्हय?" वर मला हरभऱ्याची भाजी बांधून दिली. बोलणं संपलं.

मग दादाकडे गेले. अंगणात ट्रॉलीच्या फळीला पिवळा रंग देत बसला होता. तुला हे संभाषण जसंच्या तसं लिहिते, म्हणजे माझे दिवस कसे चाललेत ते कळेल.

"दादा, चिमामावशीच्या रानातली पाटी तू लिहिलीस?"

"अक्षार माजं हाय."

"लिहिलीस का?"

"माजं हाय म्हनलो ना."

"मग आकडा भरताना मावशी होती का समोर?"

"च्या घेतीस का?"

"दादा!"

"दूध न्हाई, कोरा घ्यावा लागंल."

गावात दोघातिघांनी त्याला विचारलं, त्यांनाही त्यानं हेच सांगितलंय. त्याचा अर्थ लोकांनी काय काढायचा तो काढला. बाजीरावला हेच हवं होतं. खरं तर तो दसऱ्याला दादाकडे आला होता, दादानंच तेव्हा मला सांगितलं होतं. दादानं पाटी लिहून दिली, नंबराची जागा सोडली आणि म्हणाला, चिमाला घेऊन ये. तो परत फिरकला नाही. ती अर्धी पाटी अजून गोठ्याला टेकून उभी आहे.

लोणावळ्यात ज्याच्याकडे नवी पाटी छापली त्या प्रिंटिंगवाल्यालाही गाठलं. माणूस वाईट नाही. म्हणाला, "मॅडम, शेठनी फॉन्टचं नाव सांगूनच ऑर्डर दिली. सोपानच पाहिजे म्हणाले, बोल्डमध्ये." तेव्हा तुझ्या शिलाई मशीनचं उदाहरण परत घे. मशीन कुणाच्या सहीनं शिवत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. रोज वाटतं. शाळेतून घरी आले की तुझ्या खोलीतला पंखा उगाच लावून बघते. चाळिशीच्या पुढे आल्यावर माणसाला एवढं तरी कळावं की वाटणं आणि अडवणं वेगळं असतं, आणि मला ते कळतं. तुला अडवायचं असतं तर मी आजारी पडले असते, ते जास्त सोपं होतं. चिमामावशीच्या जमिनीमागे लपण्याइतकी मी अजून खाली आलेली नाही. तू असं लिहिलंस याचा मला दोन दिवस त्रास झाला, मग वाटलं, आपणच वाढवलंय, कुणाला सांगायचं.

पण मला आता दुसरंच काही छळतंय. तू दिवाळीत मला जो तक्ता दाखवलास, तो 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत होता. पुढे स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह. आकडे नव्हते. मला पक्कं आठवतं, कारण मी माझा फोन नंबर त्यात लिहून दाखव म्हणाले होते आणि तू विषय बदललास.

आकडे कुठून आले, समू?

रतनआत्या


पुणे
३ फेब्रुवारी २०२५

आत्या,

आकडे मी घेतले.

अप्पांनी बाराखडी लिहून दिली तेव्हा शेवटी ब्रश पाण्यात बुडवला आणि म्हणाले, "आकडं मागू नगं. अक्षरं समद्यांची असत्यात. आकड्यावर जिमिनी जात्यात." मी म्हटलं बरं. खरंच नव्हते घेणार. सुरुवातीला फॉन्ट आकड्यांशिवायच ठेवला होता.

पण तूच सांग, तारखेशिवाय लग्नपत्रिका कशी करायची? लोकांनी पैसे परत मागितले. एकानं लिहिलं, 'अर्धवट माल विकून फसवणूक.' दुकानात खाली एक-एक तारा दिसायला लागला आणि विक्री थांबली. मग गेल्या मे महिन्यात गावी आले होते ना, तेव्हा जुन्या पाट्यांचे फोटो काढले. रेशन दुकानावरचा पाच. डेअरीवरचा तीन. शाळेच्या भिंतीवरून बाकीचे. रात्री बसून ते रेखून घेतले. अप्पांना वाटलं मी आठवण म्हणून फोटो काढतेय. ऊन येतंय, बाजूला हो, असं ते सांगत होते, मला शिडीसुद्धा धरून दिली.

दिवाळीत तुला जुना तक्ता दाखवला. तुझ्यासमोर खोटं बोलायला नको म्हणून.

अजून एक आहे. बाजीरावनं फॉन्ट घेतल्यावर पाच तारे दिले होते. 'गावाकडचं अस्सल अक्षर' असं लिहिलं होतं. मी त्याला धन्यवाद लिहिले, हात जोडलेलं चित्र टाकून. आपल्या गावच्या माणसानं घेतला म्हणून मला इतका आनंद झाला होता. आत्या, मला स्वतःची किळस येतेय.

आकडे आता काढून टाकू शकते. पण ज्यांनी घेतलेत त्यांच्याकडचे परत येत नाहीत. आणि आज काढले तर परत तेच तारे, तीच तक्रार, विक्री बंद. व्हिसाची तारीख मार्चमध्ये आहे, बँकेतला आकडा तोवर पूर्ण व्हायला हवा. झाला की त्याच दिवशी काढते. शपथ.

सोबत एक कागद पाठवतेय. मी टाइप करून सही केली आहे: पाटीवरचे अंक संगणकावरचे आहेत, मी तयार करून विकले आहेत, माझ्या वडिलांनी ती पाटी लिहिलेली नाही. तलाठ्याला दे. त्यानं काम व्हायला हवं.

फक्त अप्पांना कळू देऊ नकोस. ते विचारणार नाहीत, ओरडणार नाहीत, नुसते गप्प बसतील. ते मला सहन होणार नाही. तिकडे पोचले की मीच फोन करून सांगेन.

समू


लोणावळा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

समू,

तुझा कागद घेऊन मी पवनानगरला गेले. तलाठी भला होता, पूर्ण वाचला, दोनदा. म्हणाला, "ताई, हे सगळं खरं असेल, पण पाटीवर मी नोंद करत नाही. हरकत चिमाबाईंनी घ्यायला हवी. त्यांना आणा, अंगठा घेतो, पुढचं कोर्टाचं बघून घेऊ." म्हणजे तिला आणायला हवं. म्हणून तो कागद तिच्याकडे घेऊन गेले. तिनं उजेडाकडे धरला, उलटा, मग सुलटा. "कुनाचं अक्षार हाय?" मी म्हटलं मशीनचं आहे, खाली समूची सही आहे. "समीची? सोपानच्या? ती तर जर्मनीला चालली ना? मंग तिला कशाला तरास देती?" कागद घडी करून त्याच डब्याखाली ठेवला. गॅसच्या नोटिशीशेजारी.

मी रस्त्यात उभी राहून मोठ्यानं काहीतरी बोलले. किल्ल्यावर निघालेली पोरं बघत राहिली. चांगल्या घरातली बाई आहे मी.

मग दादाकडे. तू सांगितलं होतंस कळू देऊ नको. मी कळू देणारही नव्हते. त्याच्यासमोर बसले आणि नुसतं म्हटलं, "दादा, तू बोलला नाहीस तर मावशीची जमीन जाईल." तो हाताचा वाळलेला रंग नखानं काढत राहिला. मग म्हणाला, "पाच बरा उतारलाय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"रेशनच्या दुकानावरचा हाय त्यो. तवा ब्रशाचा एक केस निघाल्याला, म्हनून त्याच्या पोटाला बारीक रेघ राहिली. पोरीनं ती रेघ बी घेतली. लय बारकी नजर हाय तिची."

त्याला माहीत आहे, समू. पाटी लागली त्याच आठवड्यात त्यानं बघितली, माझ्याही आधी. तू शिडी धरायला लावलीस तेव्हाच त्याला वाटलं असणार, मी विचारलं नाही. मी विचारलं ते एवढंच, की मग बोलत का नाहीस. तर म्हणाला, "मी न्हाई लिवली म्हनलो, की लोक इचारत्यात मंग कुनी. पोरीचं नाव घ्यावं लागंल. बापाचा हात इकून गेली म्हनतील. तिला एकदा इमानात बसू दे, मंग सांगतो समद्यांना."

"तोवर मुदत संपेल, दादा."

"व्हय," म्हणाला. आणि रडला. मी त्याला तुझी आई गेली तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. चहा विचारून टाळणारा माणूस, त्या दिवशी त्यानं चहा विचारला नाही.

मी तुझ्यावर चिडलेली नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तुम्हा दोघांवरही मी इतकी चिडले आहे की परवा शाळेत हजेरीपटावर तिसऱ्या मुलाच्या नावाच्या जागी तुझं नाव लिहिलं. तू त्याला दुखवायचं नाही म्हणून लपवतेस. त्याला माहीत आहे, पण तुला कळू नये म्हणून तो लपवतो. दोघंही किती भले! बापलेक एकमेकांना फुलासारखं जपताय आणि त्याची किंमत भरतेय ती टपरीवर भाकरी थापणारी बाई, जिला हिशेबात कुणी धरलेलंच नाही. बाजीराव लबाड आहे हे मला कळतं, त्याच्याशी भांडता येतं. तुमच्या मायेशी कसं भांडायचं? रात्रीतून दहा वेळा वाटतं, आपणही गप्प बसावं. तू सुखरूप जाशील, दादाची मान खाली जाणार नाही, मावशीला दुसरीकडे कुठेतरी टपरी मिळेल. इतकं सोपं आहे ते की त्याचीच मला भीती वाटते.

तिला माझं पटत नाही, तलाठ्याचं पटणार नाही, कागदाचं तर नाहीच. तिचा विश्वास माणसाच्या हातावर आहे. त्या पाटीमागचा हात कुणाचा हे ज्यानं केलं त्यानंच तिला सांगितलं तर पटेल. दादा सांगणार नाही, तुझ्यासाठी. म्हणजे राहिलीस तू.

तू काय उत्तर देशील ते मी इथे बसून लिहू शकते. व्हिसाच्या तोंडावर भानगड नको. बाजीरावनं दुकानावर उलटं काही लिहिलं तर राहिलेली विक्रीही बुडेल. गावात नाव होईल, आणि अप्पांच्या समोर कशी उभी राहू? सगळी कारणं खरी आहेत. मी तुझ्या जागी असते, तुझ्या वयाची, बॅग भरत आलेली, तर मीही आले नसते. तेव्हा 'नाही' म्हणालीस तर मी समजेन. पत्र फाडून टाक आणि अभ्यास कर, पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा डबा पाठवीन.

तरीही विचारते. येत्या रविवारी ये. सकाळच्या लोकलनं कामशेतला उतर, पवनानगरच्या जीपपाशी मी थांबते. दादालाही घेऊन येते, कसा ते माझं मी बघते. चिमामावशीला त्या पाटीखाली उभी कर आणि तुझ्या तोंडानं वाचून दाखव, पहिल्या शब्दापासून. आणि आकडा आला की थांब, आणि तिला सांग की तो तुझा आहे.

रतनआत्या